तांब्याची खोली

८ जानेवारी, गुरुवार. देवास

आज सकाळी सहाला उठलो. टेकडीकडे तोंड करून तिथल्या दोन्ही देवींना हात जोडले आणि चहा न घेताच खाली कोठीत गेलो. कोठी म्हणजे एमआरआयच्या खोलीमागची चिंचोळी जागा, तिथे सामानाचं लोखंडी रॅक आहे. रॅकमागची प्लायची एक फळी सोडवली. मागे मीच लावलेला तांब्याचा पत्रा. छातीएवढ्या उंचीवर टोच्याने एक भोक पाडलं, ज्वारीच्या दाण्याएवढं. त्यातून तांब्याची तार ओवली, वीतभर आत, हातभर बाहेर. बाहेरचं टोक रॅकला गुंडाळलं आणि फळी परत लावून टाकली. हे काम कुणाला सांगायचं नसतं. वहीत लिहिलं तर चालत असावं.

आम्ही धारचे तांबट. पवार सरदारांबरोबर आमचे पूर्वज इकडे आले. माझे वडील, गोपाळराव, देवळांचे कळस घडवतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. कळस सगळीकडून बंद असतो, म्हणून शेवटचा डाख देऊन सांधा बुजवण्याआधी दादा त्याला एक बारीक भोक ठेवतात आणि त्यात तार ओवतात. लहानपणी धरमपुरीजवळच्या गावात होतो तेव्हापासून हे बघत आलोय. का म्हणून कधी विचारलं नाही. समजायचं ते समजलो होतो. बंद वस्तूत देवाला यायला-जायला वाट हवी.

ही खोली तर कळसाहून कितीतरी मोठी. चारी भिंती, वर, खाली, दारालासुद्धा तांब्याचा पत्रा, आणि प्रत्येक सांध्याला मी डाख दिलेला. गेल्या आठवड्यात एक माणूस पेटी घेऊन आला, खोली तपासली, ‘पास’ असा कागद देऊन गेला. सगळे खूष झाले. मला मात्र तीन दिवस झोप नीट लागली नव्हती. इतकी मोठी वस्तू मी इतकी गच्च कधी बंद केली नव्हती. आज बरं वाटतंय.

१० जानेवारी, शनिवार

चुंबक आज जागं केलं. कंपनीचा इंजिनियर अंशुल म्हणाला, "भिया, अब ये कभी सोएगा नहीं. बत्ती जाए तो भी नहीं." माझी हत्यारं सगळी बाहेर काढून ठेवायला लावली.

मशीन चालवणारी मुलगी नीरजा. कारखान्यातल्या नोकरीसाठी तिचे आजोबा नागपूरकडून देवासला आले. मराठी बोलते चांगली, वाचताना अडखळते. तिने माझ्या हातात एक किल्ली दिली, दोरीला बांधलेली, आणि दाराशी उभं केलं. किल्ली हळूच उचलली गेली आणि दोरी आडवी ताणून मशीनकडे तोंड करून राहिली. कुणी ओढत नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला.

"घाबरलात काका?"

"नाही. ओळख करून घेतोय."

ती खूप हसली.

माझं काम खरं तर संपलंय. पण डॉक्टर अरविंद, ज्यांचं हे सेंटर आहे, म्हणाले की उद्घाटनापर्यंत इथेच राहा, किरकोळ कामं निघतात. रतलामला त्यांच्या मित्राचं असंच सेंटर होतंय, तिथली खोलीही मलाच मिळेल असं दिसतं. वरच्या मजल्यावर राहायला जागा दिली आहे.

१२ जानेवारी, सोमवार

आज जे ऐकलं ते जसं आठवेल तसं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

मी नीरजाला विचारलं की हे चुंबक माणसाच्या आतलं बघतं तरी कसं. तिने माझ्या चहाच्या ग्लासकडे बोट दाखवलं.

"यात पाणी आहे ना? तुमच्यात पण आहे, अर्ध्याहून जास्त. पाण्याच्या प्रत्येक कणात हायड्रोजनचे दोन अणू, आणि प्रत्येकाच्या पोटात एक प्रोटॉन. तो म्हणजे एवढंसं चुंबक. बाहेर ही सगळी कुठेही तोंडं करून असतात, पोह्याच्या ठेल्यावर गर्दी असते ना, बस तशी."

"आणि मशीनमध्ये?"

"मोठ्या चुंबकापुढे सगळी रेषेत येतात. पण निम्मी सरळ, निम्मी उलटी. एकमेकांना खोडून टाकतात. उरतात किती माहितेय? दहा लाखांत पाच."

"पाच लाख?"

"पाच, काका. नुसते पाच. त्या पाचांवर सगळं दुकान चाललंय."

मग तिने सांगितलं की ही चुंबकं नुसती उभी राहत नाहीत. भोवरा कलला की जसा डोलत फिरतो तशी डोलतात, एका सेकंदात सहा कोटी चाळीस लाख वेळा. मशीन त्यांना रेडिओची एक थाप देतं, अगदी त्याच वेगाची. वेग थोडा जरी चुकला तरी ती लक्षच देत नाहीत. बरोबर लागला की आडवी होतात आणि सगळी एका तालात डोलायला लागतात.

हे मात्र मला सांगायची गरज नव्हती. आमच्या दुकानात एका मापाच्या दोन घागरी असल्या आणि एकीवर टिचकी मारली की फळीवरची दुसरी आपोआप गुणगुणते. तिसरी, वेगळ्या मापाची, ढिम्म राहते. मी तिला हे सांगितलं तर ती खुर्चीवरून उठलीच. "काका! हेच तर! कॉलेजमध्ये आम्हाला कोणी असं नाही सांगितलं."

"मग पुढे?"

"मग रेडिओ बंद करायचा आणि चूप बसून ऐकायचं. ते पाच तालात डोलतात ना, त्याने अंगाभोवतीच्या कॉइलमध्ये वीज उमटते. इतकी बारीक की पूछो मत. तोच सिग्नल. मग हळूहळू ताल सुटतो, सगळे आपल्या जागेवर परत येतात. चरबीतले लवकर येतात, पाण्यातले रेंगाळतात. कोण कधी परतला त्यावरून कळतं कुठे काय आहे."

"म्हणजे मशीन तो ठणठणाट करतं, ते पाण्याचं बोलणं?"

"नाही हो! ते कॉइल थरथरल्याचं. सिग्नल कुठून आला ते कळावं म्हणून चुंबकाचा जोर इकडून तिकडे कमी-जास्त करावा लागतो, त्याची ती खडखड. लोक त्यालाच घाबरतात. खरं जे येतं ते कानाला ऐकूच येत नाही."

मी पन्नाशीला आलो. रोज पाणी पितो, सूर्याला पाणी देतो, धरमपुरीला नर्मदेत किती वेळा बुडी मारली असेल. पाण्याला विचारलं तर ते उत्तर देतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि विचारायचं तर त्याच्याच सुरात विचारावं लागतं. आज आंघोळीचा तांब्या डोक्यावर ओतताना हात थांबला.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

नीरजाने सगळ्यांना तिळगूळ दिला. नलिनीने, माझ्या बायकोने, फोनवर विचारलं, "सणाला घरी यायचं सोडून तिथे चुंबकाला चिकटलात का?"

मशीन अजून पाण्याच्या बाटलीवरच चालवत होते. आज जिवंत माणूस हवा होता. मी पुढे झालो. जानवं तेवढं ठेवलं, बाकी सगळं काढलं, करगोट्याचा चांदीचा मणीसुद्धा. आत गेलो. डोळ्यांवर छप्पर आलं. मग तो खडखडाट. मी मनात नाव घेत राहिलो आणि विचार करत होतो की या क्षणी माझ्यातलं पाणी माझ्या नकळत कुणाशी तरी बोलतंय. भीती अजिबात वाटली नाही. देवळात आरतीच्या वेळी वाटतं तसं वाटलं.

बाहेर आल्यावर पडद्यावर माझं डोकं पाहिलं. मेंदूच्या वळ्या, डोळ्यांचे गोळे, जिभेचा बुंधा. आईलासुद्धा हे कधी दिसलं नाही. आणि कपाळावरून आरपार गेलेली एक रेघ, ठिपक्याठिपक्यांची, पांढरी-काळी. मला ती गंध लावल्यासारखी वाटली. मी बोललो तसं. नीरजा हसली नाही. ती रेघेकडेच बघत होती.

१५ जानेवारी

रेघ बाटलीच्या चित्रातही आहे.

१७ जानेवारी, शनिवार

रेघ जात नाही. अंशुलने दोन दिवस मशीन उघडून पाहिलं, काही सापडलं नाही. खोलीवर कुणाचा संशय नाही. तिचा ‘पास’ असा कागद फाइलमध्ये आहे.

दुपारी डॉक्टरांच्या ओळखीच्या एक आजी, जानकीबाई, कंबर दाखवायला आल्या. त्यांच्या दुखऱ्या मणक्यावरूनच रेघ गेली. तीनदा आत घातलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "अगं पोरी, मला चांगली सोडतेस की पुरतेस?" शेवटी इंदूरला पाठवावं लागलं.

डॉक्टर साहेब चिडले. अंशुल म्हणाला, "सर, मशीन ठीक है. ऑपरेटर दरवाज़ा पूरा बंद नहीं कर रही होगी, या फ़ोन अंदर ले जाती होगी." नीरजा लाल झाली. "मैं फ़ोन गाड़ी में छोड़कर आती हूँ, सर." डॉक्टर म्हणाले, "तो फिर लकीर आसमान से आ रही है?"

मला तिच्यासाठी वाईट वाटलं. टेकडीवर तिच्या नावाने नारळ फोडून आलो.

१९ जानेवारी, सोमवार

नीरजा आज डबा उघडून नुसतीच बसली होती. बोलती व्हावी म्हणून मी विचारलं, "ते सगळं कळलं, पण तांबं कशाला लावायचं?"

"तुम्हीच खोली केली आणि तुम्हालाच माहीत नाही?"

"कामाचं माहीत आहे. कारण कुणी सांगितलं नाही."

"अहो, पाणी ज्या सुरात बोलतं ना, तो रेडिओचा सूर आहे. बाहेर हवेत तसल्या सुरांचा बाजार भरलाय. वायरलेस, मोटारी, ट्यूबलाइट, सगळंच. आणि आपलं पाणी किती हळू बोलतं? दहा लाखांत पाच. म्हणून बाहेरचं सगळं तांब्यावर अडवायचं. खोली गच्च हवी."

"आणि बारीक भोक राहिलं तर?"

"बारीक भोकाने एवढं नाही होत. लाटा लांब असतात, भोकातून शिरत नाहीत. पण भोकातून तार आत गेली ना, मग संपलंच. ती एरियलसारखी बाहेरचं सगळं उचलते आणि आत नेऊन ओतते. अशी तार आली की बरोबर अशीच रेघ पडते. पण खोली तर पास आहे ना." ती डब्याचं झाकण लावत म्हणाली, "माझंच काहीतरी चुकत असेल."

मी चहा संपवला. ग्लास विसळून ठेवला. नंतर तोच ग्लास परत विसळला.

२० जानेवारी

त्या तारेमुळेच असेल असं काही नाही. देवाच्या नावाने केलेल्या कामाने कुणाचं वाईट कसं होईल? उद्या धारला जातो. दादांना विचारतो.

२१ जानेवारी, बुधवार. धार

दादा ब्याऐंशीचे आहेत. हात अजून मोगरीवर चालतो. अंगणात एका कळसाचा गळा ठोकत बसले होते. मी समोर बसून सगळं सांगितलं, भोक, तार, रेघ, सगळं. त्यांनी ठोकणं थांबवलं.

"खोलीला दार आहे?"

"आहे."

"माणसं आत-बाहेर जातात?"

"जातात."

"मग भोक कशाला पाडलंस, गाढवा?"

मी म्हणालो, "तुम्ही कळसाला पाडता ना. देवाला वाट म्हणून."

दादा इतके हसले की खोकला आला आणि नलिनी पाणी घेऊन धावली.

"अरे, कळस उन्हात तापतो. आतली हवा फुगते. वाट नसली तर डाख उकलतो! म्हणून भोक."

"आणि तार?"

"गांधीलमाशी घर करू नये म्हणून."

नलिनी पदर तोंडाला लावून आत गेली. मला हसू आलं नाही. चाळीस वर्षं मी त्या तारेला मनातल्या मनात नमस्कार करत आलो होतो.

थोड्या वेळाने दादाच म्हणाले, "देवाला कुणी आत घ्यावं लागतं होय रे? आणि कुणाला सांगायचं नाही असं कुणी सांगितलं तुला?"

"तुम्ही कधी सांगितलं नाही."

"तू कधी विचारलं नाहीस."

जेवताना नलिनीने भाकरी वाढत एवढंच विचारलं, "त्या मुलीला कळवलंत का?" मी म्हणालो, गेल्यावर बघतो. तिने दुसरी भाकरी न विचारताच वाढली.

२३ जानेवारी, शुक्रवार. देवास

परत आलो तर नीरजाची खुर्ची रिकामी. डॉक्टरांनी तिला काल सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. इंदूरहून दुसरा मुलगा येतोय. मोनू, इथला इलेक्ट्रिशियन, म्हणाला की ती रडली नाही, मशीनवरची चादर नीट घडी करून ठेवली आणि गेली.

मी विचार केला. आता भोक बुजवून टाकलं तर रेघ जाईल. सगळं ठीक झालं की डॉक्टर आपणच तिला परत बोलावतील. कुणाचं नाव निघायचं कारण नाही. रतलामचं कामही राहील. आमच्या घराण्यात कुणाचा सांधा गळका निघाला असं धारमध्ये कुणी कधी म्हणालेलं नाही.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर कोठीत गेलो. रॅकचा पीळ सोडला, तार काढून घेतली. भोकावर तांब्याची चकती ठेवून बाहेरून डाख दिला. हात स्थिर होता. सांधा सुंदर बसला. असा डाख मी वर्षभरात दिला नसेल.

२४ जानेवारी, शनिवार

नव्या मुलाने बाटली ठेवून मशीन चालवलं. रेघ नाही. स्वच्छ.

डॉक्टर टाळी देत म्हणाले, "देखा? लड़की गई, लकीर गई!"

अंशुल म्हणाला, "मैंने तो पहले दिन बोल दिया था, सर."

सगळ्यांना कचोऱ्या मागवल्या. मलाही दिली. मी ती हातात धरून उभा राहिलो.

२५ जानेवारी

मी तिला वाचवायला गेलो होतो. मी तिच्याविरुद्धचा पुरावा घडवला. आणि तोही इतका चोख, की आता मी तोंडाने काहीही सांगितलं तरी लोक म्हणतील, म्हाताऱ्याला पोरीची दया आली.

जप केला. शंभराच्या पुढे मोजता आलं नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

तिच्या घरी जाऊन आलो. बँक नोट प्रेसमागच्या वस्तीत राहते. आईने चहा दिला. नीरजा म्हणाली की तिने दोन ठिकाणी अर्ज केले होते, पण देवासातल्या प्रत्येकाला रेघेची गोष्ट आधीच कळलेली असते.

"काका, मला एकच समजत नाही. मी काय वेगळं करत होते? रोज आठवून बघते. दार लावायचे, परत ओढून बघायचे. मग रेघ गेली कशी?"

मी तिला सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात तीच म्हणाली, "कधी वाटतं माझ्या अंगातच काहीतरी असेल." आणि हसली, हसू येत नसताना.

एवढं सगळं तिनेच मला शिकवलं. दहा लाखांतल्या पाचांचं ऐकता यावं म्हणून माणसं चुंबक बांधतात, तांब्याची खोली बांधतात, श्वास रोखून बसतात. आणि ही माझ्यासमोर बसून सांगतेय तर मी चहात बिस्कीट बुडवतोय.

तिला म्हटलं, "उद्या अकराला सेंटरवर ये. काम आहे."

"डॉक्टर आत घेणार नाहीत."

"कोठीकडच्या दाराने ये."

२९ जानेवारी, गुरुवार

काल लिहायला जमलं नाही. आज लिहितो.

काल सकाळी डॉक्टरांना म्हणालो, साहेब, दहा मिनिटं द्या, अंशुललाही बोलवा. ते म्हणाले, "तांबटजी, रतलाम का पूछना है क्या?" मी म्हणालो, नाही, इथलंच.

सगळे मशीनबाहेरच्या काचेपाशी जमले. नव्या मुलाला बाटलीचं चित्र घ्यायला सांगितलं. स्वच्छ आलं. तेवढ्यात नीरजा आली. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली.

मी म्हणालो, "आता मोनूला इथे उभा करा, दार त्याला बघू दे. फोन सगळ्यांचे बाहेर ठेवा. दारापाशी कुणी जायचं नाही. मी मागे कोठीत आहे. तुम्हाला यायचं तर या."

डॉक्टर आणि नीरजा माझ्यामागून आले. मी फळी काढली. पाच दिवसांपूर्वीचा डाख चकचकत होता. त्यावर टोच्या ठेवला. स्वतः दिलेला चांगला सांधा फोडताना तांबटाला काय होतं ते इथे लिहीत नाही. दोन घाव घातले. भोक झालं. खिशातून तार काढली, तीच जुनी, आणि ओवली, वीतभर आत, हातभर बाहेर. टोक रॅकला गुंडाळलं.

"चालव!" मी ओरडलो.

भिंतीपलीकडे खडखड सुरू झाली. आम्ही तिघं त्या चिंचोळ्या जागेत उभे. खडखड थांबली. मग काचेपलीकडून अंशुलचा आवाज आला, "अरे! लकीर आ गई!"

डॉक्टर तारेकडे बघत होते. म्हणाले, "ये किसने..."

"मी," मी म्हणालो. "आठ तारखेला सकाळी. खोली पास झाल्यावर. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. आणि शुक्रवारी मीच काढली, तेही सांगितलं नाही. या मुलीचा काही दोष नाही."

डॉक्टर पुष्कळ बोलले. त्यातलं बरंचसं माझं हक्काचं होतं. रतलामचं नाव निघालं आणि तिथेच संपलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. नीरजा मात्र डॉक्टरांकडे पाहतच नव्हती. ती वाकून ते भोक बघत होती, तार बाहेर ओढून ती किती आत होती ते बोटांनी मोजत होती.

"वीतभर," ती म्हणाली. "एवढीशी."

मग माझ्याकडे वळली. डोळे भरलेले आणि चिडलेले, दोन्ही. "काका, त्या सोमवारी चहा पिताना तुम्हाला माहीत होतं?"

"होय," मी म्हणालो. "तू सांगितलंस तेव्हाच कळलं."